भागाकार आणि गुणाकार

शंभर वॅटचा जुना पिवळा बल्ब आणि दीड हजार वॅटचा पाणी तापवायचा रॉड टेबलावर शेजारी शेजारी ठेवावेत. दोन्ही थंड, कुठेही न जोडलेले. मल्टिमीटर ओहमवर लावून त्याची टोकं आधी रॉडच्या पिनांना टेकवावीत. आकडा येतो चौतीस-पस्तीस. मग बल्बला टेकवावीत. तिथे येतो अडतीस, फार तर चाळीस. एक खोलीभर उजेड देणारा, दुसरा बादलीभर पाणी कढत करणारा. कामात पंधरापटींचा फरक. आणि मीटर म्हणतो, ही सख्खी भावंडं आहेत.

आता कागदावर गणित करू. बल्बवर लिहिलेलं असतं २३० व्होल्ट, १०० वॅट. शंभराला दोनशेतीसने भागलं की प्रवाह मिळतो, ०.४३ अँपिअर. दोनशेतीसला त्या प्रवाहाने भागलं की रोध मिळतो, सुमारे ५२९ ओहम. कुठे ५२९ आणि कुठे ३८! रॉडचं गणित मात्र मीटरशी जुळतं. दीड हजार भागिले दोनशेतीस म्हणजे साडेसहा अँपिअर, आणि दोनशेतीस भागिले साडेसहा म्हणजे पस्तीस ओहम. मीटर बिघडलेला असता तर दोन्हीकडे चुकला असता.

मीटर खरंच सांगतोय, फक्त तो थंड बल्बाबद्दल सांगतोय. आतली टंगस्टनची तार पेटते तेव्हा ती अडीच हजार अंश सेल्सिअसच्या आसपास पोचलेली असते आणि त्या तापात तिचा रोध चौदापट वाढतो. रॉडच्या आतली तार नायक्रोमची, म्हणजे निकेल आणि क्रोमियमच्या मिश्रधातूची. अल्बर्ट मार्श या अमेरिकी संशोधकाने १९०६ मध्ये या धातूचं पेटंट घेतलं. तापली तरी तिचा रोध अगदी थोडा बदलतो, म्हणूनच इस्त्रीपासून गीझरपर्यंत ती सगळीकडे जाऊन बसली.

या प्रयोगातला मला सगळ्यात आवडणारा भाग पुढेच आहे. बटण दाबल्याच्या पहिल्या क्षणी बल्बची तार थंडच असते. त्या क्षणी तिचा रोध खरोखर ३८ ओहम असतो, तिच्यातून सहा अँपिअर जातात आणि ती तेराशे-चौदाशे वॅट शक्ती घेते. सेकंदाच्या एखाद्या दशांशात ती तापते, रोध चढतो, प्रवाह उतरतो आणि बल्ब आपल्या शंभर वॅटांवर येऊन स्थिरावतो. तेवढ्या वेळापुरता तो खरंच रॉडचा भाऊ असतो. जुने बल्ब बहुधा बटण दाबतानाच का जायचे, याचं उत्तर इथे आहे. वर्षानुवर्षं झिजून एखाद्या जागी बारीक झालेल्या तारेला हा पहिला लोंढा सोसत नाही.

मी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवलं, आणि इतक्या वर्षांत माझं मत पक्कं होत गेलं ते याच गोष्टीबद्दल. रोध हा वस्तूच्या पाठीवर कोरलेला आकडा आहे असं मुलांना वाटतं, पुस्तकातली उदाहरणंही तसंच वाटायला लावतात. ‘एका वाहकाचा रोध २० ओहम आहे’, झालं, पुढचं गणित सुरू. खरं तर वस्तू काम करत असताना तिला दोन प्रश्न विचारावे लागतात. तुझ्या दोन टोकांमध्ये आत्ता किती व्होल्ट आहेत? तुझ्यातून आत्ता किती अँपिअर जात आहेत? या दोन आकड्यांचा भागाकार केला की ती किती अडवते आहे ते कळतं. त्याच दोन आकड्यांचा गुणाकार केला की ती किती काम करते आहे ते कळतं. दोन्ही उत्तरं त्या क्षणाची. विजेच्या विद्येत याहून मोठं काही असेल, पण याहून पायाभूत काही असेल असं मला वाटत नाही.

अकरावी-बारावीच्या प्रयोगशाळेत ओहमच्या नियमाचा प्रयोग सुरुवातीलाच असतो. सेल, कळ, ऱ्होस्टॅट, नायक्रोमची तार. अमीटर एकसर जोडायचा, कारण सगळा प्रवाह त्याच्यातून गेला पाहिजे. व्होल्टमीटर तारेच्या दोन टोकांना समांतर. ऱ्होस्टॅटचा सरकता हात थोडा पुढे न्यायचा, दोन्ही काटे थरथरून थांबेपर्यंत वाट पाहायची, वाचन घ्यायचं, कळ काढायची. कळ काढायला मुलं विसरतात, आणि बराच वेळ चालू राहिलेली तार गरम होते, सेलही उतरतो. मग आलेखावरचे बिंदू रेषेच्या जरा इकडेतिकडे पडतात. काही हुशार मुलं मग आधी पट्टीने रेषा ओढून घेतात आणि नंतर तिच्यावर बिंदू मांडतात. अशी वही हातात आली की मला वाईट वाटायचं. बिंदू रेषेबाहेर का गेला, यातच तर सगळं शिकणं होतं.

म्हणून अभ्यासक्रमातला प्रयोग संपला की मी नायक्रोमची तार काढायला लावून तिच्या जागी टॉर्चचा छोटा बल्ब बसवायला सांगायचे. त्याच जोडण्या, तेच मीटर. पहिली दोन-तीन वाचनं सरळ जातात. मग तार लालसर होऊ लागते आणि आलेख वाकतो. व्होल्ट दुप्पट केले तरी प्रवाह दुप्पट होत नाही. एकदा एका मुलीने चारचारदा वाचनं घेतली, तिला वाटलं आपलंच चुकतंय. मी तिला म्हटलं, प्रत्येक बिंदूपाशी भागाकार कर. ती करत गेली. दीड ओहम, तीन, पाच, सात, आठ. तिने मान वर करून विचारलं, “मॅडम, मग या बल्बचा रोध किती लिहू?” या प्रश्नासाठीच तो बल्ब बसवायचा असतो.

नियमाच्या व्याख्येत एक अट असते, भौतिक अवस्था कायम असताना. मुलं ती एका दमात म्हणून टाकतात, कारण तिच्यावर अर्धा गुण असतो. ज्याच्या नावाचा हा नियम आहे त्या माणसाचे ऐन उमेदीतले दिवस मात्र या अटीपायीच खर्ची पडले.

गेऑर्ग सायमन ओहम १७८९ मध्ये बव्हेरियातल्या एर्लांगेन गावी जन्मला. वडील कुलपं करणारे कारागीर. शाळा त्यांच्या नशिबी फारशी नव्हती, पण स्वतःच्या हिमतीवर गणित शिकलेले, आणि ते त्यांनी दोन्ही मुलांना घरी शिकवलं. धाकटा मार्टिन पुढे गणितज्ञ म्हणून नावाजला. गेऑर्ग शाळामास्तर झाला. १८१७ पासून तो कोलोनच्या शाळेत गणित आणि भौतिकशास्त्र शिकवत होता. त्या शाळेची प्रयोगशाळा चांगली होती, आणि धातूकाम त्याच्या हातात वडिलांकडून आलेलं होतं. १८२० मध्ये डेन्मार्कच्या ओर्स्टेडने दाखवलं होतं की प्रवाह वाहणाऱ्या तारेजवळची चुंबकसूची वळते. म्हणजे प्रवाह मोजायला साधन मिळालं होतं, सूची किती वळली ते पाहायचं. ओहमने प्रश्न धरला तो साधाच. तार लांब केली की प्रवाह किती कमी होतो?

१८२५ मध्ये त्याने यावर पहिला निबंध छापला. त्यातलं सूत्र लॉगॅरिथमचं होतं, आणि ते बरोबर नव्हतं. कारण त्याच्याकडे वीज देणारी वस्तू म्हणजे त्या काळचा व्होल्टाचा घट. परिपथ पूर्ण केला की या घटाचा जोर लगेच उतरू लागतो. तार बदलेपर्यंत घटच बदललेला असायचा. दोन गोष्टी एकदम हलत असतील तर त्यांच्यातलं नातं कसं दिसणार?

ज्या नियतकालिकात निबंध आला होता त्याचे संपादक पोगेनडॉर्फ यांनी त्याला सुचवलं की घट सोडून दे, तापयुग्म वापरून बघ. दोन वेगळ्या धातूंचे सांधे वेगवेगळ्या तापमानाला ठेवले तर प्रवाह वाहतो, हे सीबेकने १८२१ मध्ये शोधलं होतं. त्याचा जोर फार थोडा, पण तापमान स्थिर असलं की तोही स्थिर. ओहमने बिस्मथचा दांडा घेतला, दोन्ही टोकांना तांब्याच्या पट्ट्या जोडल्या. एक सांधा उकळत्या पाण्यात, दुसरा बर्फात. पाणी उकळतंय तोवर ते शंभर अंशांच्या वर जात नाही, आणि बर्फ वितळतंय तोवर ते शून्यावरच राहतं. निसर्गाने फुकट दिलेल्या या दोन स्थिर खुंट्या होत्या. सूची त्याने बारीक पट्टीला टांगली आणि ती मूळ जागी यायला पट्टीला किती पीळ द्यावा लागतो ते मोजलं. मग एकाच जाडीच्या तांब्याच्या आठ तारा घेतल्या. सगळ्यांत आखूड दोन इंचांची, सगळ्यांत लांब एकशेतीस इंचांची. १८२६ च्या जानेवारीत, कोलोनच्या थंडीत, एकीकडे पाणी उकळत ठेवून आणि दुसरीकडे बर्फ वितळत ठेवून हा मास्तर एकामागून एक तारा जोडत आणि पीळ मोजत होता. आकडे जुळले. तापयुग्माच्या जोराला, तारेची लांबी आणि बाकीच्या उपकरणाचा अडसर यांच्या बेरजेने भागलं की प्रवाह मिळतो. आज आपण रोध म्हणतो त्याची ती पहिली स्वच्छ मांडणी. त्याच्याकडे व्होल्टमीटर नव्हता, व्होल्ट नव्हता, आणि ओहम हे एकक तर त्याच्या मरणानंतर त्याच्या नावाने झालं.

पुढच्या वर्षी, १८२७ मध्ये, बर्लिनहून त्याचं पुस्तक निघालं. त्यासाठी त्याने अर्ध्या पगारावर रजा घेतली होती. विद्यापीठात जागा मिळेल अशी आशा होती. ती मिळाली नाही, आणि कोलोनची नोकरीही त्याने सोडून दिली. जर्मनीत पुस्तकाकडे फार कुणी लक्ष दिलं नाही. १८४१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने त्याला कोप्ले पदक दिलं तेव्हा बाहेरून शिक्कामोर्तब झालं. म्युनिक विद्यापीठात भौतिकशास्त्राचं प्राध्यापकपद मिळालं १८५२ मध्ये. दोन वर्षांनी तो गेला.

त्याच्याही आधी, १७८१ च्या सुमाराला, इंग्लंडच्या हेन्री कॅव्हेंडिशला हेच नातं सापडलं होतं. मिठाच्या पाण्याने भरलेल्या काचनळ्यांतून तो विजेचा झटका स्वतःच्या अंगातून जाऊ द्यायचा आणि एका झटक्याची दुसऱ्याशी तुलना करायचा. हातच मीटर. त्याने हे काही छापलं नाही. जवळजवळ शंभर वर्षांनी, १८७९ मध्ये, मॅक्सवेलने त्याच्या वह्या संपादून प्रसिद्ध केल्या तेव्हा जगाला कळलं.

भागाकाराची गोष्ट ही. गुणाकाराची गोष्ट मँचेस्टरजवळच्या सॅलफर्डमधल्या एका मद्यनिर्मात्याच्या मुलाची आहे. जेम्स जूल. १८४० च्या हिवाळ्यात, ऐन बाविशीत, त्याने काचनळीवर तार गुंडाळून ती पाण्यात बुडवली, प्रवाह सोडला आणि थर्मामीटर धरून बसला. प्रवाह दुप्पट केला की उष्णता चौपट होते, तिप्पट केला की नऊपट. प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध. आपल्या न्हाणीघरात बादलीत सोडलेला रॉड म्हणजे जूलचाच प्रयोग, फक्त थर्मामीटरच्या जागी आपण बोट बुडवतो. (बोट बुडवण्याआधी प्लग काढावा. हे मी वर्गात दरवर्षी सांगितलं, इथेही सांगते.)

हा वर्ग खेडेगावात फार जाणवतो. आमचं गाव वाळवा तालुक्यातलं, उसाचं. लाइनच्या अगदी शेवटच्या घरांत हिवाळ्याच्या सकाळी, शेतातल्या मोटारी चालू असताना, २३० च्या जागी १८० व्होल्ट मिळायचे. मधले पन्नास व्होल्ट तारांनी रस्त्यातच खाल्लेले असायचे. पस्तीस ओहमच्या रॉडला १८० व्होल्ट दिले की प्रवाह ५.१ अँपिअर. गुणाकार केला की सुमारे ९२० वॅट. व्होल्ट एक-पंचमांशाच्या थोडे वर घटले, पण शक्ती दीड हजारावरून साडेनऊशेच्याही खाली आली, कारण व्होल्ट उतरले की त्यांच्याबरोबर प्रवाहही उतरतो आणि गुणाकारात दोघांची घट लागते. पंधरा लिटर पाणी वीस अंशांवरून पंचेचाळीसवर न्यायला जिथे सतरा-अठरा मिनिटं पुरली असती तिथे अठ्ठावीस-एकोणतीस लागतात. मीटरवर पडणारं युनिट दोन्ही वेळा जवळजवळ सारखंच, ०.४४. पाण्यात गेलेली ऊर्जा तेवढीच. शाळेला उशीर मात्र आमच्या वाट्याला यायचा.

रॉडचं असं, की कमी व्होल्ट मिळाले तर तो कमी काम करतो आणि सुरक्षित राहतो. मोटारीचं उलट आहे, आणि ते मी पुस्तकात शिकण्याच्या कितीतरी आधी मामाच्या दुकानात पाहिलं होतं.

मामाचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत होतं. उन्हाळा लागला, विहिरी खोल गेल्या, की दुकानाबाहेर मोटारींची रांग लागायची. बैलगाडीतून, नंतर टेम्पोतून, कधी मोटारसायकलच्या मागे बांधून. उतरवतानाच जळक्या वार्निशचा वास यायचा. शेतकरी कपाळावरचा घाम पुसत म्हणायचा, “मिस्त्री, जळाली बघा मोटार. व्होल्टेजच न्हाई ओ.” मामाचा पहिला प्रश्न ठरलेला, “चालू किती वेळ होती?” दुसरा, “अँपिअर बघितलं होतं का?” पुढे तो पाने घेऊन बाजूची झाकणं खोलायचा, रोटर बाहेर ओढायचा आणि स्टेटरच्या आत नजर टाकायचा. मला शेजारी उभं करून दाखवायचा. वाइंडिंग सगळीकडे सारखं काळं पडलेलं असलं तर मोटारीवर ओझं जास्त झालं किंवा व्होल्टेज कमी होतं. स्टार जोडणीच्या मोटारीत तीनपैकी दोन फेजच्या गुंडाळ्या कोळसा झालेल्या आणि तिसरी अजून तांबूस, चकचकीत दिसली, तर एक फेज गेला होता आणि उरलेल्या दोघींनी मरेस्तोवर ओढलं होतं. “ही तांबडी हाय न्हवं, हिच्यातनं प्रवाहच गेला न्हाई,” मामा त्या चांगल्या गुंडाळीवर बोट ठेवून म्हणायचा. काय घडलं ते तांब्याच्या रंगावर लिहिलेलं असायचं, आणि मामाला ते वाचता यायचं.

मोटारीचं वाइंडिंग थंड असताना मोजलं तर रोध फार थोडा येतो. घरगुती एक हॉर्सपॉवरच्या मोटारीचा तीन-चार ओहम. २३० ला तीनने भागलं तर सत्तरच्या वर अँपिअर येतात. प्रत्यक्षात ती सहा-सात अँपिअरवर आरामात चालते. कारण फिरणारी मोटार आपल्या आत उलट्या दिशेचं व्होल्टेज निर्माण करते आणि आलेल्या व्होल्टेजचा मोठा वाटा तिथेच तोलला जातो. म्हणजे इथे अडवणारी गोष्ट तांब्यापेक्षा फिरणं ही आहे. पंपात वाळू अडकून रोटर थांबला की हा तोल जातो आणि प्रवाह नेहमीच्या पाच-सहापट चढतो. जूलच्या वर्गाने हिशेब केला तर वाइंडिंगमधली उष्णता पंचवीस ते छत्तीसपट. वार्निश किती वेळ टिकणार?

व्होल्टेज कमी असताना तेच, जरा सावकाश. पंपाला पाणी तेवढंच वर चढवायचं असतं, त्याची शक्तीची मागणी फारशी कमी होत नाही. गुणाकार तेवढाच ठेवायचा आणि एक आकडा घटलेला, मग दुसरा वाढणारच. ४१५ व्होल्टच्या जागी ३३० मिळाले तर प्रवाह सव्वापटीच्या आसपास जातो आणि वाइंडिंगमधली उष्णता दीडपटीच्या वर. तासाभरात हाताला चटका बसेल इतकी मोटार तापते. शेतकऱ्याचं ‘व्होल्टेज नाही म्हणून मोटार जळाली’ हे वाक्य शहरातल्या माणसाला कोडं वाटतं, वीज कमी आली तर जास्त कशी जळेल? ते वाक्य शास्त्राला धरून आहे. (मोटारीच्या बाबतीत नुसते व्होल्ट आणि अँपिअर गुणून वॅट मिळत नाहीत, पॉवर फॅक्टरने पुन्हा गुणावं लागतं. पण तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.)

नवी गुंडाळी भरून, वार्निश सुकवून मोटार तयार झाली की मामा ती दुकानातच चालवून बघायचा. टाँग टेस्टरचा जबडा एकेका वायरभोवती बसवायचा. पहिली वायर, दुसरी, तिसरी. तिन्हींवर सारखे अँपिअर आले की मान हलवायचा. मग व्होल्टमीटर बघायचा. दोन आकडे मनात घोळवून मोटार कशी चालली आहे ते सांगायचा. तो सातवीपर्यंत शिकलेला होता. ओहमचं नाव त्याला माहीत होतं की नाही कोण जाणे. पण तो वस्तूला चालू असतानाच प्रश्न विचारायचा, थंड मोटारीच्या आकड्यावर कधी विसंबला नाही.

तारांनी रस्त्यात व्होल्ट खायचे नसतील तर उपाय तोच वर्ग सुचवतो. प्रवाह निम्मा केला की तारेतली उष्णता एक-चतुर्थांश होते. शक्ती तेवढीच हवी असेल तर व्होल्ट दुप्पट करावे लागतात. म्हणून वीज लांब न्यायची तर ती चढ्या व्होल्टांवर नेतात. आपल्याकडचं याचं सगळ्यांत भव्य उदाहरण म्हणजे चंद्रपूर ते पडघे ही लाइन. विदर्भातल्या कोळशाजवळ तयार झालेली वीज महाराष्ट्र आडवा ओलांडून सुमारे साडेसातशे किलोमीटरवर भिवंडीजवळ पडघ्याला येते. १९९९ पासून ती चालू आहे, क्षमता १५०० मेगावॅट. एक तार जमिनीच्या तुलनेत अधिक पाच लाख व्होल्टवर, दुसरी उणे पाच लाखावर, म्हणजे दोघींमध्ये दहा लाख व्होल्ट. आणि हा प्रवाह दिष्ट आहे, त्यामुळे शाळेतलं साधं सूत्र जसंच्या तसं लागू पडतं. दीडशे कोटी वॅट भागिले दहा लाख व्होल्ट, उत्तर दीड हजार अँपिअर. तीच शक्ती २३० व्होल्टवर न्यायची म्हटली तर पासष्ट लाख अँपिअर लागतील, आणि तेवढा प्रवाह वाहून नेईल अशी तार कुणी कल्पनेतही ओढू शकणार नाही. नाशिकच्या रस्त्याने जाताना पडघ्याच्या परिसरात मनोऱ्यांची गर्दी दिसते. त्या तारांकडे पाहिलं की मला हा भागाकार आठवतो आणि दरवेळी तितकंच आश्चर्य वाटतं.

रोध जिथे असायला नको तिथेही तो येऊन बसतो. सैल प्लग हे त्याचं घराघरातलं ठिकाण. पिन आणि सॉकेट यांच्यामध्ये गंजाचा किंवा काजळीचा अर्धा ओहम साठला, तर साडेसहा अँपिअरच्या रॉडला तो मोजण्याइतकाही जाणवत नाही, पाणी तसंच तापतं. पण साडेसहाचा वर्ग बेचाळीस, त्याचा अर्धा एकवीस. एकवीस वॅट त्या पिनेच्या टोकाएवढ्या जागेत. प्लास्टिक पिवळं पडतं, मग तपकिरी, मग एक दिवस वितळतं. प्लग काढल्यावर पिन गरम लागली तर सॉकेट बदलायला सांगावं, दुसऱ्या दिवसावर ढकलू नये.

आणि माणसाचं शरीर. कोरड्या दोन हातांत मल्टिमीटरची टोकं धरली तर लाखांत ओहम दिसतात. वर्गात हे केलं की मुलांना हायसं वाटतं, दोनशेतीस भागिले काही लाख म्हणजे नगण्यच की. हा त्या थंड बल्बाचाच प्रकार आहे, फक्त उलट दिशेने. मीटरच्या आतल्या सेलचे मोजके व्होल्ट कातडीला ओलांडता येत नाहीत. २३० व्होल्टपुढे कातडीचा अडसर कोसळतो, हात ओले असले किंवा पायाखाली चिखल असला तर आणखीच, आणि आतल्या देहाचा रोध उरतो हजार ओहमच्या आसपास. २३० भागिले १०००, म्हणजे २३० मिलिअँपिअर. दहा-पंधरा मिलिअँपिअरलाच स्नायू आखडून हात सुटत नाही. शंभरच्या पुढे हृदयाची लय बिघडायला एखाद-दोन सेकंद पुरतात. शेतीची वीज रात्रीची असते तेव्हा माणूस अंधारात, भिजलेल्या पायांनी, चिखलातून स्टार्टरपाशी जातो. हा भागाकार तिथे रोज मांडून ठेवलेला असतो. शेतकऱ्यांची दिवसा वीज देण्याची मागणी मला म्हणूनच सोयीची मागणी वाटत नाही, ती जिवाची आहे.

कुणाचा रोध कोणत्या क्षणी किती असेल, हे कुणालाच आधी सांगता येत नाही. घाम, पाऊस, पायातली चप्पल, हाताला पडलेली चीर, सगळ्यांवर तो बदलतो. मुख्य स्विचजवळ बसवायचं जे उपकरण असतं, ज्याला बाजारात ईएलसीबी किंवा आरसीसीबी म्हणतात, ते म्हणूनच रोधाच्या भानगडीत पडत नाही. ते एवढंच पाहतं, की फेजमधून जितका प्रवाह गेला तितकाच न्यूट्रलमधून परत आला का. तीस मिलिअँपिअरचा फरक पडला की, प्रवाह दुसऱ्या कुठल्या वाटेने, कदाचित कुणाच्या अंगातून जमिनीत जातो आहे असं धरून, ते सेकंदाच्या अंशात वीज तोडतं. त्यावर ‘टी’ लिहिलेलं एक छोटं बटण असतं. ते दाबलं की उपकरण स्वतःच थोडा प्रवाह आडवाटेने सोडतं आणि खटका पडतो का ते दाखवतं. आमच्या घरी दर महिन्याच्या पहिल्या तारखेला ते दाबतात. गावाकडच्या घरी आणि विहिरीवरच्या खोलीतही मी ते बसवून घेतलं आहे, आणि शेजारच्या तिघांनाही वायरमनचा नंबर दिला आहे.